फ्रेडी मर्क्युरीचं लंडन: कुठे रेंगाळावं, कुठे जाऊच नये

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्यासाठी म्हणून लंडनला जाणाऱ्याने विमानाचं तिकीट काढायच्या आधीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आत जाऊन बघता येईल असं त्याचं एकही घर या शहरात नाही. लिव्हरपूलला बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांची लहानपणची घरं नॅशनल ट्रस्टने जपली आहेत, तिकीट काढून आत जाता येतं. लंडनमध्ये फ्रेडीच्या वाट्याला येतात त्या भिंती, दारं, एक-दोन पाट्या आणि बरेचसे रस्ते. तरीही दोन दिवस नीट आखले तर हा फेरा अगदी करण्यासारखा आहे. ठिकाणं योग्य क्रमाने पाहिली, तर झांझिबारहून आलेला फारोख बुलसारा (फ्रेडीचं मूळ नाव) हा पारशी मुलगा लंडनच्या काठावरून हळूहळू मध्यावर कसा सरकला, ते पायाला कळतं. बहुतेक याद्यांमध्ये हा क्रम नसतो. त्या सुरुवातच केन्सिंग्टनमधल्या त्याच्या अखेरच्या बंगल्यापासून करतात, म्हणजे शेवटापासून.

सुरुवात फेल्टमपासून करावी. पश्चिम लंडनच्या टोकाला, हीथ्रो विमानतळाच्या कुशीत वसलेलं हे उपनगर. जानेवारी १९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, त्यानंतर बुलसारा कुटुंब तिथून निघालं आणि इंग्लंडमधलं त्यांचं पहिलं घर झालं ते फेल्टममधलं २२, ग्लॅडस्टन अव्हेन्यू. वॉटर्लू स्टेशनवरून रेडिंग किंवा विंडसरकडे जाणारी गाडी पकडा, साधारण अर्ध्या तासात फेल्टम येतं. तिथून चालत १५ ते २० मिनिटं. हमखास होणारी चूक पत्त्याची आहे. लंडनमध्ये ग्लॅडस्टन अव्हेन्यू नावाचा आणखी एक रस्ता आहे, तो पार उत्तरेला वुड ग्रीनमध्ये. नकाशात नुसतं रस्त्याचं नाव टाकलं तर फोन तिकडेही नेऊ शकतो, आणि मग अख्खी सकाळ गेली म्हणून समजा. पोस्टकोड टीडब्ल्यू १४ पासून सुरू होतो याची खात्री करूनच निघा.

घर साधं आहे, दुमजली, रांगेतल्या इतर घरांसारखंच. १ सप्टेंबर २०१६ रोजी क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याच्या हस्ते तिथे इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेची निळी गोल पाटी बसली. फ्रेडीची बहीणही त्या वेळी हजर होती. पाटीवर ‘फ्रेडी मर्क्युरी’च्या खाली कंसात ‘फ्रेड बुलसारा’ असंही लिहिलं आहे, ते मुद्दाम वाचा. या पाट्यांचा व्यास ४९५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा मीटर असतो आणि त्या चकचकीत सिरॅमिकच्या असतात. म्हणून दोन गोष्टी बिघडतात. फोनच्या नेहमीच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत पाटी नुसता निळा ठिपका दिसते, आणि फ्लॅश पडला तर मधोमध पांढरा डाग येतो. समोरच्या फुटपाथवर उभं राहा, दुप्पट-तिप्पट झूम करा, फ्लॅश बंद ठेवा. घरात लोक राहतात. अंगणात पाऊल टाकायचं नाही, बेल तर मुळीच वाजवायची नाही.

इंग्लिश हेरिटेजच्या या योजनेचे नियम माहीत असले तर पुढच्या सगळ्या फेऱ्याचं कोडं सुटतं. माणूस जाऊन २० वर्षं झालेली हवीत, ज्या इमारतीशी त्याचा संबंध होता ती उभी हवी, आणि एका माणसाला एकच पाटी. फ्रेडीची ती एकुलती एक पाटी फेल्टमला लागली. त्यामुळे केन्सिंग्टनच्या आलिशान बंगल्यावर तशी निळी पाटी का नाही, असं विचारत बसण्यात अर्थ नाही. फेल्टमची निवड अगदी योग्य झाली आहे. परदेशातून येऊन बस्तान बसवू पाहणाऱ्या कुटुंबाचं घर हीच त्याची खरी सुरुवात. हीथ्रोवर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा, आईवडिलांच्या घरी राहणारा कॉलेजचा पोरगा होता तो तेव्हा.

फेल्टममध्येच थोड्या अंतरावर वॉल्शम रोड आहे. ब्रायन मे लहानाचा मोठा झाला तो या रस्त्यावर. वडिलांच्या मदतीने त्याने ती प्रसिद्ध ‘रेड स्पेशल’ गिटार घरी बनवली तीही इथेच. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला (तारांचा ताण बदलून सूर हलवणारी यंत्रणा) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, ट्रेमोलोच्या दांड्याच्या टोकाला विणायच्या सुईचं बोंडूक. दोघं इतक्या जवळ राहत होते आणि एकमेकांना ओळखतही नव्हते. या रस्त्यावर बघण्यासारखं वेगळं काही नाही, पण फेल्टमपर्यंत आलाच आहात तर ते अंतर चालून बघा.

टाऊन सेंटरमध्ये २००९ साली फ्रेडीच्या नावाचा एक तारा जमिनीत बसवला होता. उन्हापावसाने तो खराब झाला आणि काही वर्षांतच काढावा लागला. जुन्या लेखांमध्ये त्याचा उल्लेख अजून सापडतो. तो शोधत फिरू नका.

फेल्टमहून पुढे ईलिंगला जायचं, पण त्यासाठी परत वॉटर्लूला जाण्याची गरज नाही. इथे बरेच जण दीड तास फुकट घालवतात. फेल्टमहून २८५ किंवा ४९० नंबरची बस हॅटन क्रॉसला नेते, तिथून पिकॅडिली लाइनची ट्यूब, म्हणजे लंडनची मेट्रो, थेट साउथ ईलिंगला. स्टेशनातून उत्तरेकडे सेंट मेरीज रोडने दहाएक मिनिटं चाललं की युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट लंडन लागते. फ्रेडीच्या काळातलं ईलिंग आर्ट कॉलेज ते हेच. आधी आयल्वर्थच्या पॉलिटेक्निकमध्ये दोन वर्षं काढून १९६६ साली तो इथे ग्राफिक डिझाइन शिकायला आला आणि १९६९ साली डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. ‘द हू’चा पीट टाउनशेंड आणि ‘रोलिंग स्टोन्स’चा रॉनी वुड हेही याच कॉलेजचे. पण फ्रेडीच्या दृष्टीने महत्त्वाचा होता वर्गातला टिम स्टॅफेल. तो ‘स्माइल’ नावाच्या बँडचा गायक होता. ब्रायन मे आणि पुढे क्वीनचा ड्रमर झालेला रॉजर टेलर त्याच बँडमध्ये, आणि स्टॅफेलमुळेच फ्रेडीची त्यांच्याशी गाठ पडली. पुढे क्वीनचं बोधचिन्ह फ्रेडीने स्वतः काढलं ते इथल्या शिक्षणाच्या जोरावर. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह, एक खेकडा, कन्येच्या दोन पऱ्या. कॉलेज बाहेरूनच बघायचं आहे, पंधरा मिनिटं पुरतात. जेवणाची सोय ईलिंगच्या हाय स्ट्रीटवर होते.

इथे नावांचा आणखी एक घोळ सांगून ठेवतो. शाकाहारी गुजराती थाळीसाठी प्रसिद्ध असलेला ‘ईलिंग रोड’ ईलिंगमध्ये नाही, तो वेंबलीला आहे, अल्पर्टन स्टेशनपासून सुरू होणारा. ईलिंगला उतरून थाळी शोधणारे उपाशी राहतात.

दुसरा दिवस केन्सिंग्टनचा. सकाळी दहाच्या सुमारास अर्ल्स कोर्ट स्टेशनला उतरा. स्टेशनला दोन तोंडं आहेत. वॉरिक रोडच्या बाजूने बाहेर आलात तर समोर दिसतो तो अर्ल्स कोर्ट प्रदर्शन केंद्राचा मोकळा झालेला भूखंड. क्वीनने जून १९७७मध्ये इथे कार्यक्रम केले, इमारत पाडली गेली. तिकडे क्षणभर नजर टाकायची असेल तर टाका, पण बंगल्यासाठी अर्ल्स कोर्ट रोडच्या बाजूनेच बाहेर पडा. खूण सोपी आहे: दाराबाहेरच निळी पोलीस पेटी उभी आहे, तिच्याभोवती ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचे चाहते फोटो काढत असतात. तिथून उत्तरेकडे वळा, क्रॉमवेल रोडचा मोठा चौक सिग्नलनेच ओलांडा, आणि डाव्या हाताला लोगन प्लेस नावाची गल्ली येईपर्यंत चालत राहा. एकूण दहा मिनिटांची चाल.

१, लोगन प्लेस, म्हणजेच गार्डन लॉज. चित्रकार सेसिल रे आणि शिल्पकार कॉन्स्टन्स हाफर्ड यांच्यासाठी १९०७-०८च्या सुमारास बांधलेलं घर. फ्रेडीने ते १९८०मध्ये घेतलं, मनासारखं सजवायला काही वर्षं लागली, आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला तो याच घरात. आपल्याला एड्स झाल्याचं त्याने जाहीर केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. घर त्याने मेरी ऑस्टिन या एकेकाळच्या प्रेयसीच्या आणि आयुष्यभराच्या मैत्रिणीच्या नावे केलं.

रस्त्यावरून काय दिसतं? उंच विटांची भिंत. तिच्यावर डोकावणारी झाडं. एक दार. घर जवळपास दिसतच नाही. वर्षानुवर्षं जगभरचे लोक या भिंतीवर आणि दारावर मार्करने निरोप लिहीत आले, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे बसवले होते, ते २०१७च्या सुमारास काढले गेले आणि भिंत स्वच्छ झाली. निरोपांनी भरलेलं बागेचं ते जुनं हिरवं दार सप्टेंबर २०२३मध्ये सदबीजच्या लिलावात ४,१२,७५० पौंडांना विकलं गेलं. म्हणजे जुन्या फोटोंमध्ये दिसणारं लोगन प्लेस आज तिथे नाही. हे माहीत नसताना गेलेल्यांची निराशा होते आणि माहीत असलं तर होत नाही, इतका सरळ हिशोब आहे. २०२४मध्ये हा बंगला ३ कोटी पौंडांहून जास्त किमतीला विक्रीलाही निघाला होता.

तरी इथे जावंच. त्या लिलावात त्याचा यामाहा पियानो गेला, ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या हस्तलिखिताची पानं गेली, किमोनो गेले, मिशीचा इवलासा चांदीचा कंगवासुद्धा गेला. ते सगळं ज्या भिंतीच्या आड तीसेक वर्षं जसंच्या तसं होतं ती ही भिंत. पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं, एवढंच. गल्ली अरुंद आहे, शेजारीपाजारी राहती घरं आहेत. स्पीकर लावून गाणी वाजवणं, भिंतीवर लिहिणं, दाराच्या फटीतून फोन घालून चित्रण करणं हे सगळं इथे होत आलं आहे आणि त्यामुळेच भिंत साफ करण्याची वेळ आली. फुलं ठेवायची असतील तर प्लास्टिकचं वेष्टन काढून ठेवा. ५ सप्टेंबर हा त्याचा वाढदिवस आणि २४ नोव्हेंबर या दोन तारखांना चाहते जमतात. माणसांत मिसळायचं असेल तर तेव्हा जा, शांतपणे उभं राहायचं असेल तर त्या तारखा टाळा. नोव्हेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो, हेही आखणीत धरा.

लोगन प्लेसवरून परत अर्ल्स कोर्ट रोडला या आणि उत्तरेकडे सरळ चालत राहा. पंधरा मिनिटांत केन्सिंग्टन हाय स्ट्रीट लागतो. तो ओलांडून मागच्या बाजूला गेलात की स्टॅफर्ड टेरेस. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेडी इथे १२ नंबरमध्ये राहत होता. त्याच रस्त्यावर १८ नंबरला सॅम्बोर्न हाउस हे व्हिक्टोरियन काळातल्या व्यंगचित्रकाराचं घर संग्रहालय म्हणून खुलं असतं. फ्रेडीशी त्याचा काही संबंध नाही. पण या रस्त्यावरची घरं आतून कशी रचलेली असतात, जिना कुठे, खोल्या किती अरुंद, हे बघायचा तो एकमेव मार्ग आहे. वेळ आणि तिकिटाचे पैसे असतील तर जरूर आत जा.

आता हाय स्ट्रीटने पूर्वेकडे चाला. फ्रेडी आणि रॉजर टेलर यांनी जिथे कपड्यांचा स्टॉल चालवला तो केन्सिंग्टन मार्केट याच रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला होता. अनेक मजल्यांचं, आत गाळेच गाळे असलेलं मार्केट. सुरुवातीला कॉलेजमधल्या मित्रांची चित्रं विकायची, ती खपेनात तेव्हा जुने, एडवर्डियन काळातले कपडे आणि शाली. इमारत २००१च्या सुमारास पाडली. निळ्या पाटीचा नियम आठवा: इमारतच नाही, म्हणून पाटीही नाही. तरीही या जागेला मी वरचा नंबर देईन. रंगमंचावर त्याने पुढे जे घातलं, त्याचं शिक्षण कुठल्याही कॉलेजात नाही, या मार्केटात झालं. पुढच्या वीस मिनिटांत तुम्ही ज्या रस्त्याने जाणार आहात तोच त्याचा तेव्हाचा परिसर होता: स्टॉल, भाड्याच्या खोल्या, आणि इंपीरियल कॉलेज.

केन्सिंग्टन गार्डन्सच्या दक्षिण कडेने अल्बर्ट मेमोरियलपर्यंत चाला, मग रॉयल अल्बर्ट हॉलला वळसा घालून प्रिन्स कन्सॉर्ट रोडवर या. ब्रायन मे इंपीरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकत होता. क्वीनचा लंडनमधला पहिला कार्यक्रम १८ जुलै १९७० रोजी इथेच झाला, आणि त्याची आठवण म्हणून पीआरएस फॉर म्युझिक या संगीतकारांच्या मानधनाचं काम बघणाऱ्या संस्थेची पाटी २०१३ साली लागली. ती कॉलेजच्या बाइट क्वाड या चौकाच्या बाजूला आहे. सुट्टीच्या दिवशी कॉलेजची दारं बंद मिळू शकतात, म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी जा आणि दारावरच्या माणसाला सरळ विचारा. शेजारच्या हाइड पार्कमध्ये १८ सप्टेंबर १९७६ रोजी क्वीनने मोफत कार्यक्रम केला, दीड लाखांवर माणूस लोटला होता. स्टॉलची जागा, कॉलेजचा हॉल आणि हे मैदान यांच्यात चालत अर्ध्या तासाचंही अंतर नाही, आणि काळाचं अंतर सहा वर्षं. या फेऱ्यातला सगळ्यात दमदार भाग हाच आहे. पाय दुखले तर जवळच सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहेत, दोन्हीकडे प्रवेश मोफत, स्वच्छतागृहं चांगली, बसायला जागा.

संध्याकाळ सोहोसाठी ठेवा. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनला उतरलात की समोर डोमिनियन थिएटर. बारा वर्षं, २००२ ते २०१४, त्याच्या दारावर फ्रेडीचा मोठा पुतळा उभा होता, कारण आत क्वीनच्या गाण्यांवरचं संगीतनाटक चालू होतं. नाटक संपलं, पुतळा उतरवला. आजही कितीतरी याद्या ‘फ्रेडीचा पुतळा, डोमिनियन’ असं लिहून लोकांना इथे पाठवतात. पुतळा नाही. तसंच कार्नेबी स्ट्रीटवरच्या क्वीनच्या दुकानाचं. ते २०२१-२२च्या हिवाळ्यापुरतं होतं, तेही बंद झालं.

त्यापेक्षा सेंट ॲन्स कोर्टमध्ये जा. वॉर्डर स्ट्रीट आणि डीन स्ट्रीट यांना जोडणारा हा अरुंद बोळ, गाड्या येत नाहीत. १७ नंबरला ट्रायडंट स्टुडिओ होता. क्वीनचा पहिला अल्बम जुलै १९७३मध्ये आला, तो बराचसा इथे ध्वनिमुद्रित झाला, तोही स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा, बहुतेक रात्री-अपरात्री. मोठ्या कलाकारांचं काम आटोपलं की या पोरांना आत घ्यायचे. अल्बम तयार व्हायला इतका वेळ का लागला याचं उत्तर या वेळापत्रकात आहे. इथल्या बेक्स्टाइन पियानोवर त्याआधी बीटल्सनेही काम केलं होतं. दारावर पाटी आहे ती डेव्हिड बोवीची, फ्रेडीची नाही. रात्री नऊनंतर गेलात तर बोळ शांत असतो आणि ‘रात्रीचा स्टुडिओ’ म्हणजे काय ते कळतं.

‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ कुठे रेकॉर्ड झालं म्हणून लंडनभर शोधणाऱ्यांसाठी: मुख्य काम वेल्समधल्या मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत झालं, लंडनच्या निरनिराळ्या स्टुडिओंत नंतरचे भाग जोडले गेले. एकाच दारापुढे उभं राहून ‘हे ते ठिकाण’ म्हणता येणार नाही.

सोहोतून दक्षिणेला चालत गेलात तर सेंट मार्टिन्स लेनवरचं कोलिसियम थिएटर लागतं. ऑक्टोबर १९७९मध्ये फ्रेडी इथे रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर नाचला. आणखी खाली चेरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखाली ‘हेवन’ हा क्लब, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेला आणि अजून चालू असलेला. फ्रेडी तिथे जात असे. आपल्याकडच्या लिखाणात या बाजूवर फार पटकन पडदा टाकतात. तसं करू नये. ऐंशीच्या दशकातलं लंडनमधलं समलिंगी आयुष्य, त्यातला मोकळेपणा आणि मग एड्सने माजवलेला हाहाकार हे वगळून लोगन प्लेसच्या भिंतीचा अर्थच लागत नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९९२मध्ये स्थापन झालेला मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट आजही एड्सविरोधी कामाला पैसे देतो.

वेंबलीबद्दल मत स्पष्ट आहे. फक्त फ्रेडीसाठी जाऊ नका. १३ जुलै १९८५च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमातली ती वीस-एकवीस मिनिटं, जुलै १९८६चे दोन कार्यक्रम, एप्रिल १९९२चा श्रद्धांजलीचा कार्यक्रम, सगळं झालं ते जुन्या स्टेडियममध्ये. जोडमनोऱ्यांची ती वास्तू पाडली गेली आणि नवं स्टेडियम २००७मध्ये उघडलं. स्टेडियमची टूर चांगली आखलेली आहे, पण ती फुटबॉलची टूर आहे. सामन्याच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी ती बंद असते, हे न बघता वेंबली पार्कपर्यंत जाऊन परत येणारे बरेच. जायचंच असेल तर दुपारचं जेवण त्या ईलिंग रोडवर ठरवा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. त्याऐवजी हॅमरस्मिथ अपोलोला एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट मिळालं तर बघा, कोणाचाही चालेल. तेव्हाचं हे हॅमरस्मिथ ओडियन. १९७५च्या नाताळच्या आदल्या रात्री क्वीनने इथे केलेला कार्यक्रम बीबीसीने थेट दाखवला होता. सभागृह तेच आहे, आणि फ्रेडी जिथे गायला अशा जागेच्या आत तिकीट काढून बसण्याची लंडनमधली ही सगळ्यात सोपी संधी.

केन्सल ग्रीनची दफनभूमी हा शेवटचा टप्पा काही जण करतात. २७ नोव्हेंबर १९९१ रोजी पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेनंतर तिथल्या वेस्ट लंडन क्रिमेटोरियममध्ये त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. २०१३मध्ये तिथे ‘फारोख बुलसारा’ नावाची एक पाटी दिसल्याची बातमी आली आणि थोड्याच दिवसांत पाटी नाहीशी झाली. अस्थी कुठे ठेवल्या ते मेरी ऑस्टिनने कोणालाही सांगितलेलं नाही, ते त्याच्याच इच्छेनुसार. त्यामुळे शोधाशोध करू नये. जागा विस्तीर्ण आहे, व्हिक्टोरियन काळातल्या दफनभूमी आवडत असतील तरच तासभर द्या.

पैसे देऊन घ्यायच्या टूरबद्दल. दोन प्रकार मिळतात. सोहोतून फिरवणारी चालती टूर, आणि काळ्या टॅक्सीतून फिरवणारी, जिचा दर माणशी नसून गाडीमागे असतो. चालत्या टूरमध्ये फ्रेडीच्या वाट्याला दोन-तीन थांबे येतात, बाकी बीटल्स, स्टोन्स, बोवी. रॉकचा सगळाच इतिहास हवा असेल तर घ्या. टॅक्सीची टूर तेव्हाच परवडते जेव्हा चार-पाच जण वाटून घेणार असतील किंवा बरोबर चालायला त्रास होणारी वडीलधारी माणसं असतील. मात्र नोंदणी करताना एक प्रश्न विचाराच: फेल्टमला नेणार का? लांब पडतं म्हणून ते बहुतेक वेळा वगळलं जातं, आणि फेल्टम नसलेल्या टूरला मी अर्धेच गुण देईन.

प्रवासखर्चासाठी वेगळं कार्ड घेण्याची गरज नाही. भारतातलं आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड ट्यूब, बस आणि फेल्टमच्या गाडीलाही चालतं. माणशी एक कार्ड लागतं, नवराबायकोने एकच कार्ड दोनदा टेकवून चालत नाही. जाताना फोन आणि येताना कार्ड असं केलं तर यंत्राला दोन वेगळे प्रवासी दिसतात आणि दोघांना जास्तीत जास्त भाडं लागतं. एकाच वस्तूने आत, त्याच वस्तूने बाहेर. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. लंडनमध्ये भाडं झोनप्रमाणे ठरतं, मध्यावर झोन १. फेल्टम झोन ६मध्ये आहे, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या खर्चाची कमाल मर्यादा १७ पौंडांच्या आसपास धरा. केन्सिंग्टन आणि सोहो झोन १-२मध्येच आटोपतात, त्या दिवशी जवळपास निम्म्यात काम होतं.

आत जाऊन बघण्याची हौस लंडनमध्ये भागत नाही, ती स्वित्झर्लंडमध्ये भागते. माँत्रोच्या कसिनोत क्वीनचा माउंटन स्टुडिओ होता, तिथली कंट्रोल रूम प्रदर्शन म्हणून मोफत खुली ठेवली आहे आणि तळ्याकाठी १९९६ साली उभारलेला फ्रेडीचा पुतळा आहे. युरोपची सहल आखणाऱ्यांनी लंडनमधला वेंबलीचा दिवस कापून तो माँत्रोला द्यावा.

आणि महाराष्ट्रातून निघणाऱ्यांनी पाचगणी आधी करावी, नंतर नव्हे. सेंट पीटर्स स्कूलमध्ये तो आठव्या वर्षी आला, पियानो शिकला, आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड तिथेच जमवला. त्या बँडमधला फरांग इराणी पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवत असे. शाळा निवासी आहे आणि चालू आहे, पर्यटनस्थळ नाही. फाटकाशी जाऊन वॉचमनशी हुज्जत घालण्यापेक्षा शाळेच्या कार्यालयाला आधी पत्र किंवा ईमेल पाठवा, येण्याचं कारण आणि किती माणसं ते लिहा. परीक्षांचे दिवस टाळा. परवानगी नाही मिळाली तर फाटकाबाहेरूनच बघून पुढे टेबललँडला जा. जुलै-ऑगस्टमध्ये पसरणीच्या घाटात धुकं इतकं उतरतं की पुण्याहून एरवीच्या अडीच-तीन तासांना तासभर जास्त धरावा लागतो, तेव्हा सकाळी लवकर वाई गाठा.